वाडीच्या नळाचं पाणी

उज्वला आणि सलोनी मुंबईला पर्यावरणीय आरोग्याचं एम.एस्सी. करत होत्या, तेव्हा हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायच्या. उज्वला महाडची, नागसेन गुरुजींची मुलगी. सलोनी पोलादपूरची. पाणी, हवा, कचरा यांमुळे माणसं आजारी कशी पडतात आणि ती पडू नयेत म्हणून काय करायचं, हा त्यांचा अभ्यास. संख्याशास्त्र सलोनीच्या डोक्यात शिरायचं नाही. उज्वलानं तिला दोन्ही वर्षं शिकवलं. उज्वला वर्गात पहिली आली, सलोनी अकरावी.

पुढे उज्वलाला महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. धूळ किती, आवाज किती ते मोजायचं आणि तक्ते भरायचे. त्याच वर्षी, पाण्यामुळे पसरणाऱ्या साथींचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. जागा सलोनीला मिळाली.

"ते म्हणाले, तुम्हाला माणसांशी बोलता येतं," सलोनीनं फोनवर हसत सांगितलं.

उज्वलानं अभिनंदन केलं आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

तेव्हापासून तिला एक खोड लागली. सलोनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायची: विहिरीवर नमुने घेताना, बायकांच्या घोळक्यात बसलेली. उज्वला ते फोटो मोठे करून चुका शोधायची. इथं हातमोजे नाहीत. इथं बाटलीच्या तोंडाला बोट लागलंय. चूक सापडली की तिला जरा बरं वाटायचं.

गणपतीनंतरच्या आठवड्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. मुंबईकर सणाला आलेले, घरं भरलेली. शनिवारी सलोनीचा फोन आला. "उद्या येशील? नोंदी घ्यायला तुझ्यासारखं कोणी नाही गं."

उज्वला गेली. मदत करायला गेली असं तिनं घरी सांगितलं. खरं तर तिला सलोनीचं काम जवळून बघायचं होतं.

वाडीत पाण्याच्या दोन सोयी होत्या. खाली विहीर, आणि वर डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपानं आणलेलं नळाचं पाणी. सलोनीनं शुक्रवारी दोन्हींचे नमुने घेतले होते. विहिरीच्या पाण्याची बाटली काळी पडली होती, म्हणजे पाणी दूषित. झऱ्याची स्वच्छ होती. तिनं माणसं जमवली आणि सांगितलं, "विहीर बंद. सगळ्यांनी नळाचंच प्यायचं."

"सलोनीताई सांगते ना, मग झालं," चांगू म्हणाला. साठीचा गडी, वाडीत त्याच्या शब्दाला वजन. लगेच दोघांनी विहिरीवर फळ्या टाकल्या. कारखान्यात उज्वलाच्या सांगण्यावरून कुणी कानात बोळेसुद्धा घालत नव्हतं.

ती घरोघर नोंदी घेत आवडीकाकूंकडे आली. काकू तीन दिवस आजारी होत्या, ओट्यावर आडव्या.

"पाणी कुठलं पिता काकू? विहिरीचं?"

"नाय गो. गुडघं दुखतात, हिरीवर कोण उतरतंय? नळाचाच पिताव."

उज्वलाचं पेन थांबलं. तिनं मागच्या पानांवर नजर फिरवली. आजारी घरांतली निम्म्याहून जास्त नळाचं पाणी पिणारी होती. ती गोठ्यामागं गेली. पाइप तिथूनच जात होता. त्याचा एक सांधा सायकलच्या ट्यूबनं बांधलेला आणि शेणामुतात बुडालेला होता. सलोनीनं नमुना वर झऱ्याजवळ घेतला होता, नळाच्या तोंडाशी नाही.

खालून सलोनीचं हसणं ऐकू आलं. बायका तिला चहा घे म्हणून आग्रह करत होत्या.

उज्वलानं वही मिटली. संध्याकाळी दोघी डोंगर उतरताना सलोनीनं विचारलं, "काही वेगळं सापडलं?"

"नाही," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी सलोनीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "आणखी अकरा जण आजारी पडले. विहीर बंद केली तरी! माझं काय चुकलं गं?"

आधी उज्वलाला आनंद झाला. तो स्पष्ट जाणवला, घशाखाली काही गोड उतरावं तसा.

"चांगूकाकांना पोलादपूरला दवाखान्यात नेलंय. सलाइन लावलंय. शुद्धीवर नाहीत."

उज्वला खुर्चीवरून उठली. "नळ बंद कर. आत्ता. आवडीकाकूंच्या गोठ्यामागं पाइपाचा सांधा फुटलाय."

सलोनीनं ते लिहून घेतलं. मग, "तुला कधी कळलं?"

आत्ता विचार करताना सुचलं, असं म्हणता आलं असतं.

"रविवारी."

सलोनीनं फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी नळ बंद झाला. पाणी टँकरनं आलं, सांधा बदलला, नळाच्या टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर पडली. आठवड्यात साथ थांबली. चांगू पाचव्या दिवशी घरी आला, पण काठी घेऊन. उज्वला त्याला भेटायला गेली आणि त्याच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. 

"तिच्यावर राग व्हता, तर पाणी आमाला का पाजलास?" तो म्हणाला.



महिन्याभरानं प्रकल्पाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. सलोनीनं अहवालात लिहिलं होतं की पाइपाचा दोष उज्वलानं ओळखला. नमुना चुकीच्या जागी घेतल्याची स्वतःची चूकही तिनं लिहिली होती. आता दुसरी जागा निघाली होती. उज्वलानं अर्ज करावा, अशी बाईंची इच्छा.

उज्वला पोलादपूरला सलोनीच्या ऑफिसात गेली. सलोनी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती.

"माझं नाव का घातलंस?"

"खरं होतं म्हणून." सलोनीनं वर पाहिलं नाही. "कधी कळलं, तो वार लिहिला नाही. तो तुझा तू सांग."

मुलाखतीत विचारलं, दोष किती दिवसांत लक्षात आला? "त्याच दिवशी," उज्वला म्हणाली. "सांगितला तीन दिवसांनी. मला सलोनीचा हेवा वाटत होता." समोरच्या तिघांनी पेनं खाली ठेवली. ती जागा पुण्याच्या एका मुलीला मिळाली.

घरी परतताना एसटीत तिला रडू आलं नाही. सलोनीनं स्वतःची चूक इतक्या सहज कशी लिहिली असेल, हाच विचार डोक्यात होता, आणि त्याचाही तिला हेवा वाटत होता.