एका फांदीच्या दोन कुंड्या

वाळूत वाढणारा हा निवडुंग म्हणजे वर्षभर नुसत्या वाळक्या काटक्या. गिऱ्हाईकं विचारायची, "हे सरपण कुंडीत कशाला ठेवलंय?" वर्षातून एकदाच फुलायचा, तोही रात्री, आणि सकाळी मिटून जायचा. रोपवाटिकेतल्या मावशीचा मात्र त्याच्यावर भारी जीव. आठ वर्षं दर फुलाच्या रात्री ती कुंचल्याने एका कुंडीतला पराग दुसऱ्या कुंडीतल्या फुलाला लावायची. आठही वर्षं फूल गळालं. फळ नाही की बी नाही.

यंदा दोन्ही कुंड्यांत मुळं कुजायला लागली. नवी फांदी लावली, तीही कुजली. आता बी धरलं तरच वंश टिकणार, नाहीतर संपलंच.

संध्याकाळी कळ्या फुगलेल्या पाहून तिची नणंद, शाळेत विज्ञान शिकवणारी, पोट धरून हसली. "वहिनी, दोन्ही कुंड्या एकाच फांदीच्या ना? म्हणजे झाड एकच! याला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, आणि तुम्ही आठ वर्षं त्याचं त्याच्याशीच लग्न लावताय की!"

मावशीने कपाळावर हात मारला.

दुसरं झाड एकाच ठिकाणी होतं, तिच्या थोरल्या भावाच्या अंगणात. भाऊ विकतो ती रोपं रोगट आहेत, असं ती सहा वर्षांपूर्वी चारचौघांत बोलली होती आणि तेव्हापासून बोलणं बंद. रोपं रोगट होतीच मुळी! मेले तरी त्याची पायरी चढणार नाही, अशी शपथ घेतली होती बाईंनी. "गेली खड्ड्यात शपथ," म्हणत तिने चपला सरकवल्या.

भावाच्या अंगणात फुलं उमलली होती. भाऊ दारातच आडवा उभा.

"आधी माफी माग."

"मागते. चारचौघांत बोलले, चुकले. अजून किती वेळा म्हणू ते पटकन सांग, फूल मिटेल."

"रोपं चांगली होती, असंही म्हण."

मावशीने तोंड उघडलं. एवढा एक शब्द, की काम फत्ते. पण तो काही तिच्या तोंडून निघेना.

"ते नाही म्हणणार, दादा. आणि परागाशिवाय इथून हलणारही नाही." तिने पायरीवरच फतकल मारली.

भावाने धाडकन दार लावलं. एक तास गेला, दुसरा गेला. तिचे पाय बधिर झाले, तरी ती हलली नाही.

शेवटी दार उघडलं. भावाने एका फुलातला पराग कागदावर झटकला, पुडी बांधली आणि तिच्यासमोर धरली.

"रोगट होती," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी माहीत होतं."

मावशीला रडू फुटलं. पदराने डोळे पुसत ती उठली.

"पुडी तूच धर आणि चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, "माझे हात कापताहेत."