भावकूअण्णाचं मतपरिवर्तन

येळ्ळूरच्या भावकूअण्णानं सांगून ठेवलं होतं, ‘दोनलिपी’त एनपीएमच राहणार. मराठी नाव कन्नड लिपीत आणि कन्नड नाव देवनागरीत करून देणारा हा ओपन सोर्स प्रकल्प त्यानंच चार वर्षांपूर्वी सुरू केला होता. त्याला लागणारी दुसऱ्यांची तयार पॅकेजं एनपीएम उतरवून द्यायचं. प्रकल्पात काम करणारी निपाणीची त्रिशला त्याऐवजी तेच काम करणारं पीएनपीएम घ्या म्हणून सहा महिने मागं लागली होती.

“जागा कमी लागती, कामबी झटक्यात होतंय, अण्णा.”

“चाललंय त्यात बोट घालू नको गं. बदललंस तर मला पहिल्या मिनिटाला कळंल.”

हे वाक्य त्रिशलाच्या मनात बसलं. रविवारी ती येळ्ळूरला गेली, तेव्हा अण्णा चहाचं सांगायला आत गेला. तेवढ्यात तिनं त्याच्या लॅपटॉपवर पीएनपीएम बसवलं आणि एक ओळ लिहिली. आता अण्णानं एनपीएम टाइप केलं, तरी चालणार होतं पीएनपीएम.

सोमवारी फोन आला. “काल हात लावलास व्हय गं लॅपटॉपला? लई पळायलंय!”

“नेट सुधारलं असंल,” त्रिशला ओठ चावत म्हणाली.

गुरुवारी मात्र तारखांचं एक पॅकेज सापडेना. अण्णानं शोधशोध केली, तर ते त्यानं लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत कधी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या पॅकेजाच्या पाठीमागून ते आजवर फुकट आत येत होतं, आणि पीएनपीएमनं त्याला दारातच अडवलं होतं. अण्णानं चूक सुधारली आणि फोल्डरातलं सगळं एकगठ्ठा प्रकल्पात पाठवून दिलं. त्यात काय काय उतरवलं याची पीएनपीएमनं ठेवलेली नोंद, म्हणजे त्याची लॉकफाइलही गेली, अण्णाच्याच नावानं.

शनिवारी प्रकल्पातल्याच हिंडलग्याच्या सौरवनं ती फाइल बघून सगळ्यांसमोर लिहिलं, “अभिनंदन अण्णा! बदललंत एकदाचं!”

पाचव्या मिनिटाला त्रिशलाला अण्णाचा फोन आला. तिनं सगळं कबूल केलं.

“उद्या ये. तोंडावर बोलायचं हाय.”

दुसऱ्याच्या लॅपटॉपला न विचारता हात लावला, आता प्रकल्पातून नाव कापणार, हे तिनं बसमध्येच धरून ठेवलं. येळ्ळूरला अण्णाच्या बायकोनं, जयावहिनींनी पाणी दिलं, तेही तिनं नुसतं हातात धरलं.

अण्णानं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. “ती ओळ काढली मी. परत असलं करू नको. आणि हे वाच. आत्ताच सगळ्यांना पाठवलंय.”

‘पुष्कळ दिवसांच्या विचारानंतर मी पीएनपीएमचा निर्णय घेतला आहे,’ असं लिहिलं होतं. खाली तिनंच सहा महिने सांगितलेली कारणं, ओळीनं. आणि शेवटी: ‘त्रिशला यांचा सुरुवातीला विरोध होता. त्यांची समजूत काढली आहे.’

“माझा विरोध? अण्णा!”

“मग खरं काय झालं ते लिही की खाली. सगळ्यांना कळू दे.”

त्रिशलानं कीबोर्ड पुढं ओढून लिहिलं, ‘पटलं मला.’

अण्णा एवढ्या मोठ्यानं हसला, की जयावहिनी बाहेर येऊन बघून गेल्या.