धोंडबाचं खेळणं

मायाने दुसऱ्यांदा बेल दाबली आणि कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एप्रिलची दुपार होती, दीड वाजून गेला होता. तोंडावर बांधलेला दुपट्टा तिने जिन्यातच सोडला होता, तरी कानशिलं अजून तापलेलीच होती. दार उघडलं नाही तर बरं, असं तिच्या मनात आलं. लगेच, नाही, उघडलंच पाहिजे, असंही आलं.

कुसुमताईंनी दार उघडलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चष्मा कपाळावर, हातात अर्धी सोललेली मटाराची शेंग.

"एवढ्या उन्हाची काहून निघाली वं? फोन तरी करायचा."

"इकडे आलीच होती काकू. म्हटलं, भेटून जाऊ."

खरं तर ती मनीषनगरहून निघाली ती याच कामाला. वाटेत धंतोलीत एका लहान मुलांच्या दवाखान्यात, तिथल्या पोपटाच्या पिंजऱ्यापाशी, दहा मिनिटं थांबली होती, तेही याच कामासाठी.

आत कूलर चालू होता. खिडकीपासून जरा दूर माणसाच्या उंचीचा पिंजरा होता आणि त्यात धोंडबा. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. भाच्याची परदेशी बदली झाली तेव्हा तो कागदपत्रांसकट कुसुमताईंकडे आला आणि महिनाभर दगडासारखा एका जागी बसून राहिला, म्हणून धोंडबा. पुढे त्याने कंटाळून स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, औषध नको, याला काम द्या. तेव्हापासून कुसुमताई मायाकडून खेळणी घ्यायच्या.

माया पोपटांची खेळणी बनवायची. बांबूच्या नळ्या, नारळाच्या करवंट्या, मक्याची सालं, पेरूच्या फांद्यांचे तुकडे. रंग दिलेलं लाकूड नाही, नायलॉनचा दोरा नाही, ज्यात पायाचं नख अडकेल असे घुंगरू नाहीत. प्रत्येक खेळण्यासोबत ती एक छापील कागद द्यायची आणि त्यावर हे सगळं लिहिलेलं असायचं. चार वर्षांत शहरातल्या पक्षी पाळणाऱ्यांमध्ये तिचं नाव झालं होतं ते त्या कागदामुळेच.

फेब्रुवारीत पक्ष्यांच्या प्रदर्शनात तिला टेबल मिळालं. आदल्या दिवशी स्टीलचे हूक संपले. नेहमीच्या दुकानात नव्हते. दुसऱ्या दुकानदाराने चमचमीत हूक पुढे केले, "स्टीलच आहे ताई, जंग लागनार नाही." हूक हातात हलके लागले. जस्ताचा मुलामा दिलेले हूक असेच चमकतात, आणि पोपट ते दिवसदिवस चघळत बसला तर ते जस्त त्याच्या पोटात जातं, हे तिला ठाऊक होतं. घरी चुंबक होतं; चांगलं स्टेनलेस स्टील त्याला चिकटत नाही, जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं. तिने ते लावून पाहिलं नाही. उशीर झाला होता.

तीन खेळणी त्या हुकांवर गेली, त्यातलं एक धोंडबासाठी. मागच्या आठवड्यात तिने आपल्या घरच्या पक्ष्यासाठी एक खेळणं बांधायला घेतलं. त्याच हुकांचा डबा समोर उघडा होता, आणि तिचा हात आपोआप जुन्या खेळण्याचा स्टीलचा हूक काढायला गेला. तिथेच ती थांबली. आपल्याला सगळं आधीपासून माहीत होतं, हे तिला तेव्हा कळलं. मग चुंबक लावून पाहिलं. हूक टक्कन चिकटला.

नवरा अंकुश सकाळच्या चहाला म्हणाला होता, "एवढ्याशा हुकानं काय होते? जाऊन बदलवून टाक गपचूप. ढोल कायले पिटायचा?"

म्हणून ती गपचूप बदलायला निघाली होती.

"काकू, नवीन डिझाइन काढलं मी," पिशवीतून खेळणं बाहेर काढत ती म्हणाली. "म्हटलं, पहिलं तुमच्याचकडे द्यावं. जुनं घेऊन जाते, त्याच्यात थोडे बदल करायचे आहेत."

कुसुमताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. नव्या खेळण्याकडे पाहिलं, मग मायाकडे.

"कोणते बदल?"

"असंच. बांधणी जरा."

"बस. पाणी आणते."

त्या आत गेल्या. माया बसली नाही. ती पिंजऱ्याजवळ गेली. फेब्रुवारीतलं खेळणं आत नव्हतं. तिने खालच्या ट्रेमधल्या कागदाकडे वाकून पाहिलं, विष्ठेचा रंग पाहिला, पाण्याची वाटी किती रिकामी झाली ते पाहिलं. धोंडबा एका पायावर उभा राहून तिच्याकडे पाहत होता. पंख नीट मिटलेले, डोळे टवटवीत. की तिलाच तसं वाटत होतं?

"जेवते का हा बरोबर?" पाण्याचा ग्लास घेताना तिने विचारलं.

"जेवते."

"पाणी जास्त पिऊन राहिला का? उन्हाळा आहे म्हणून विचारलं."

"रोजच्यासारखंच."

"आणि ते खेळणं आवडलं होतं न त्याले?"

"खूप. करवंटीचा पार भुगा केला त्यानं." कुसुमताई सोफ्यावर टेकल्या आणि पुन्हा शेंग सोलू लागल्या. "आज लय विचारून राहिली वं तू. काही सांगायचं होतं का?"

कूलरमधलं पाणी खळखळत होतं. मायाने ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत काढला नाही.

"नाही काकू."

कुसुमताईंनी मान हलवली. उठून आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं आणून त्यांनी मायाच्या हातात दिलं. जणू आधीच बांधून ठेवलं होतं.

मग त्यांनी नवीन खेळणं घेतलं. ते थेट पिंजऱ्यात लावलं नाही. पिंजऱ्यापासून पाच-सहा हातांवर एक खुर्ची ओढली, तिच्या पाठीला खेळणं अडकवलं आणि स्वतः त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. बांबूची एक नळी बोटाने फिरवली. मक्याचं साल ओढलं. त्यातला शेंगदाणा काढून तोंडात टाकला आणि मुद्दाम आवाज करत चावला. धोंडबाने मान वाकडी केली. आधी पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटला, मग एक पाऊल पुढे आला, आणि तिथेच थांबला.

"भितो नव्या वस्तूले," कुसुमताई म्हणाल्या. "आज इथं. उद्या एक हात जवळ. त्यानं स्वतःहून मागितल्याशिवाय आत द्यायचं नाही. तुझ्याच कागदावर लिहिलं आहे."

"हो."

"चांगला कागद आहे तो. मी पूर्ण वाचते."

मायाला तिथे आणखी उभं राहवेना. घरी काम आहे म्हणत तिने चपला घातल्या.

खाली स्कूटीची सीट चटका देत होती. दुपट्टा सीटवर टाकून ती बसली आणि पुडकं डिक्कीत ठेवण्याआधी तिने ते उघडलं. हूक किती चघळला गेला आहे, एवढंच तिला पाहायचं होतं.

हूक नव्हताच. ज्या जागी तो होता तिथे जाड काथ्याचा तुकडा होता, दोन घट्ट गाठी मारून आखूड कापलेला, पाय अडकू नये असा. काथ्यावर चोचीच्या खुणा होत्या, करवंटी अर्धी कुरतडलेली होती. म्हणजे धोंडबा या खेळण्याशी महिना-दीड महिना खेळला, पण हुकाशिवाय.

तिने पुडकं पुन्हा गुंडाळलं. स्कूटी चालू केली. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं होतं. सिग्नल नव्हता, रस्ता रिकामा होता, तरी ती ब्रेक दाबून तिथेच थांबली. बाईंना ठाऊक होतं. 'नवीन डिझाइन' म्हणताना ठाऊक होतं, 'असंच' म्हणताना ठाऊक होतं. आणि पाण्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत त्या वाट पाहत बसल्या होत्या.

मागून आलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मायाने स्कूटी मागे वळवली.

या वेळी बेल वाजवावी लागली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. कुसुमताई अजून जमिनीवरच बसल्या होत्या.

"काकू, नवीन डिझाइन नाही ते." ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "हूक जस्ताचे होते. मले शंका होती घेतानाच. मी चुंबक लावून पाहिलं नाही."

कुसुमताई एका हाताने खुर्चीचा आधार घेत उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी तो हूक काढून टेबलावर ठेवला. तो अजून तसाच चमकत होता.

"मी आणल्या दिवशीच लावून पाहिलं. तूच लिहिलंस न, चिकटला तर देऊ नका म्हणून."

"मग फोन काहून नाही केला?"

"पहिले वाटलं, तिले माहीतच नसेल, सांगावं. मग वाटलं, मायाले माहीत नाही असं होईल कसं? तिथंच अडली मी. चूकच झाली माझी. मी रुसून बसली, आणि बाकीच्यांकडे ते लटकूनच राहिले. किती गेले?"

"तीन. धंतोलीचं आता येतानाच बदलवलं. तिसरं एक मुलगा घेऊन गेला प्रदर्शनातून. हेल्मेट घालूनच होता, नंबर नाही घेतला. आईचा पिवळा-केशरी पोपट आहे म्हणे. एवढंच माहीत आहे."

"ग्रुपवर टाकलं?"

पक्षी पाळणाऱ्यांचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पावणेदोनशे माणसांचा होता. मायाचं सगळं गिऱ्हाईक त्यात होतं.

ती सोफ्याच्या कडेला बसली आणि मोबाइल काढला. 'काही तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं. कुसुमताई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तांत्रिक कोणतं?"

मायाने ते शब्द पुसले. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दोनदा उठून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. शेवटी जे लिहिलं ते पाच ओळींचं होतं: फेब्रुवारीच्या प्रदर्शनात विकलेल्या माझ्या तीन खेळण्यांना जस्ताचे हूक होते, मी ते तपासले नव्हते, त्यातलं एक अजून सापडलेलं नाही; पिवळ्या-केशरी पोपटासाठी कोणी घेतलं असेल तर आत्ता पिंजऱ्याबाहेर काढा आणि या नंबरवर कळवा. कृपया पुढे पाठवा. तिने नंबर टाकला. अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला.

पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग एकाने लिहिलं, बाकीची खेळणी तरी सुरक्षित आहेत याचा भरवसा काय? दुसऱ्याने मागच्या आठवड्यात दिलेली ऑर्डर रद्द केली. कोणीतरी नुसताच नमस्काराचा हात पाठवला; त्याचा अर्थ काय घ्यायचा ते तिला कळेना. तिने मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला, परत उलटा ठेवला. कुसुमताईंनी तिच्यासमोर मटाराचं ताट सरकवलं. ती सोलू लागली. दाणे ताटात पडत होते तसे जमिनीवरही पडत होते.

पाऊण तासाने फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो, मी मनीषनगरवरून शोभाताई बोलून राहिली." पन्नाशीतल्या बाईचा आवाज होता. "शेजारच्या पोरीनं तुमचा मेसेज दाखवला. आमच्याकडे आहे जी तसं खेळणं. पोरानं आणलं होतं."

माया उभी राहिली. "काढलं का बाहेर?"

"हो, आताच काढलं. हुकाची एका बाजूची चमक गेली आहे पूर्ण. त्याले तोच आवडे, दिवसभर तेच चाटे."

"आणि पोपट कसा आहे? खाऊन राहिला न?"

"कालपासून खाल्लं नाही काही. जांबाची फोड दिली, तीही टाकून दिली. पाणी मात्र लय पिते. उन्हामुळे असन जी. हे पण तेच म्हणून राहिले, ऊन लय आहे म्हणून."

कुसुमताई तिच्याकडे पाहत होत्या.

"नाही," माया म्हणाली. "उन्हामुळे नसेल ते. हुकामुळे असेल. आज दवाखान्यात न्यावं लागते त्याले, उद्यावर नका टाकू. पोटाचा एक्स-रे काढून पाहतात, औषध आहे त्याच्यावर. मी निघून राहिली, अर्ध्या तासात पोहोचते. पत्ता पाठवा."

बोलणं संपायच्या आत कुसुमताई आतल्या खोलीत गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात धोंडबाचा प्रवासाचा लहान पिंजरा होता, वर ओला टॉवेल टाकलेला. त्यांनी तो दारापाशी ठेवला आणि कोपऱ्यातल्या आपल्या चपला पायाने जवळ ओढल्या.

"मागे बसून धरते मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू एकटी गाडी चालवशील की पिंजरा सांभाळशील?"

फोनमध्ये शोभाताई कोणाला तरी कागद-पेन मागत होत्या. मग त्यांचा आवाज परत जवळ आला.

"थांबा जी, यांना सांगायचं आहे. तुम्ही डॉक्टर आहात का? नाव काय म्हणालात?"

"डॉक्टर नाही," ती म्हणाली. "माया. ते खेळणं मीच बनवलं."