‘येतो’ लिहिलेल्या पाट्या

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे, पण माझ्यावर खडूने कोणी लिहीत नाही. माझ्या अंगावर बावन्न खिळे आहेत, तेरा-तेराच्या चार ओळींत. प्रत्येक खिळ्यावर बोटभर लांबीची एक पाटी. पाटीच्या एका बाजूला माणसाचे नाव, दुसऱ्या बाजूला एकच शब्द.

एका मोडक्या टेबलापासून सुताराने मला बनवले. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी एक संस्था होती. तिच्या खोलीत ही माणसे दुपारी जमत, वर्तमानपत्र वाचत, पत्ते कुटत, भांडत. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत.

“एका बाजूला नाव आणि मागे ‘गेला’ लिहू का?” सुताराने विचारले.

“गेला काय? जिवंत माणसं आहेत ती. निघताना आपण काय म्हणतो?”

“येतो म्हणतो.”

“मग तेच लिहा.”

आल्यावर नाव पुढे करायचे, निघताना ‘येतो’ किंवा ‘येते’. दोन दिवस एखादी पाटी उलटली नाही, की ताई चपला घालून त्या घरी जात. कोणाला ताप असे, कोणी रुसलेले असे. एकदा चष्मे दुरुस्त करणारे काका पत्त्यांत हरल्यामुळे घरी बसले. ताई त्यांना घेऊनच आल्या.

“मी रुसलोय हे कळलं कसं?” काका विचारत होते.

“तुमच्या पाटीनं चुगली केली.”

त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

मग ताई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. ते वाईट नव्हते. सर्वांच्या आधी येत, गळके छप्परही त्यांनीच दुरुस्त करून घेतले. पण अहवालात ते माणसांना ‘लाभार्थी’ म्हणत. दाराशी अंगठ्याचे यंत्र बसले आणि मला दारामागे टांगण्यात आले. चष्मेवाले काका तिथेही येऊन आपली पाटी उलटत. “यंत्राला येतो म्हणता येत नाही,” ते पुटपुटत.

एका सोमवारी त्यांची पाटी उलटली नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी साहेब फोनवर म्हणाले, “आजचे लाभार्थी एक्केचाळीस.” आदल्या आठवड्यातही एक्केचाळीसच होते. एक नवे गृहस्थ येऊ लागले होते, म्हणून आकडा हलला नव्हता. बेरीज अगदी बरोबर होती. मला तिची भीती वाटू लागली.

शुक्रवारी झाडणाऱ्या मावशी मला पुसताना थांबल्या.

“साहेब, चष्मेवाले काका कुठंयत?”

“असतील की. संख्या भरतेय रोज.”

“संख्या भरतेय हो. काका कुठंयत?”

साहेबांनी यंत्रातल्या नोंदी उघडून पाहिल्या. मग बुटांच्या नाड्याही न बांधता निघाले.

काकांच्या घराचे दार तोडावे लागले. सोमवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले होते. कमरेचे हाड मोडलेले. नळ हाताशी होता, म्हणून जिवंत राहिले. घर मागच्याच गल्लीत, पण त्यांच्या क्षीण हाका आमच्या गोंगाटात कोणाला ऐकू आल्या नाहीत. साहेब परत येऊन मावशींना हळू आवाजात सांगत होते, “काका म्हणाले, तुमचा पत्त्यांचा डाव रोज ऐकू येत होता. मला वाटलं, मी नाही हे सगळ्यांना कळलंय, आणि तरी कोणी आलं नाही.”

दवाखान्यातून मुलीने काकांना दूर आपल्या घरी नेले. साहेब निरोप द्यायला गेले होते. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, “जातो.”

साहेबांनी मला पुन्हा समोरच्या भिंतीवर लावले. आता ते रोज माझ्यावरची नावे मोठ्याने वाचतात. पण त्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. काल एक अनोळखी माणूस मोजपट्टी घेऊन आला. त्याने भिंतीची लांबी-रुंदी टिपून घेतली. माझ्याकडे पाहिलेही नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लाकूड आज ना उद्या सडतेच. पण मोठेपणी तुमच्या हाती एखादी संस्था आली, किंवा आज नुसता एक वर्ग असला, तर किती आले ते जरूर मोजा. मग दार लावण्यापूर्वी एवढे विचारा, की कोण आले नाही. आणि नाव कळले, तर लगेच निघा. मी पाच दिवस वाट पाहिली, कारण मला पाय नाहीत.