गाळलेली पानं

मैथिलीने चार पानं एकदम उलटली आणि आवाज तसाच ठेवला. साठाव्या पानाच्या शेवटी सासर सोडून आलेली नीला माहेरच्या गल्लीत शिरली होती आणि पासष्टाव्यावर ती एस.टी. स्टँडच्या बाकावर बसली होती. मधली जागा मैथिलीने आपल्या पदरचं एक वाक्य घालून सांधून टाकली. "घरात कुणी नव्हतं, म्हणून मी परत फिरले," असं तिने वाचलं. तसं पुस्तकात कुठेही नव्हतं.

समोर, पुठ्ठ्यांच्या चळतीला टेकून बसलेल्या रत्नव्वांनी मान वर केली.

"घरात कोण नव्हतं व्हय?"

"नव्हतं, अव्वा."

"भर दुपारी?"

"असं लिहिलंय खरं," मैथिली म्हणाली आणि घाईघाईने पुढचं वाचू लागली.

वाचनालयाच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत खळीचा आंबूस वास भरला होता. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असायचं. ग्रंथपाल मैथिली निगवेकर घरी न जाता इथंच डबा खायची आणि तीनच्या सुमाराला रत्नव्वा मागच्या बोळातून यायच्या. घरी सांगायच्या, मठात जाते. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे येताना त्या खरोखरच मठावरून यायच्या, बाहेरूनच हात जोडायच्या आणि मग इकडे वळायच्या. हे गेले दहा दिवस चाललं होतं.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा दाराशेजारच्या काचेच्या कपाटापुढे उभ्या होत्या. नवीन पुस्तकं तिथं मांडायची वाचनालयाची पद्धत होती. एका आत्मकथनाच्या पाठीवर पन्नाशीकडे झुकलेल्या लेखिकेचा फोटो होता आणि रत्नव्वा काचेवरून त्या फोटोवर बोट फिरवत होत्या. "ही माझी नीलव्वा," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी लेकीला पाहिलं नव्हतं. त्यांचं माहेर-सासर दोन्ही सीमेवरच्या गडहिंग्लजकडचं. वाचता यायचं ते कन्नड. मराठी ऐकलेलं सगळं कळायचं, पण अक्षरं परकी. घरात वाचून दाखव म्हणायची सोय नव्हती, कारण त्या पुस्तकाचं नावसुद्धा घरात कुणी काढत नव्हतं.

सुरुवातीची पानं मैथिलीने शब्दन् शब्द वाचली. विहीर, गाभण म्हैस, परीक्षेचा कागद फाडून टाकणारा थोरला भाऊ. पण पुढे कुठे 'अव्वा', म्हणजे आई, असा शब्द दिसला की तिची नजर आधी ओळीच्या शेवटाकडे धावायची. लेकीने लिहिताना आईलाही सोडलं नव्हतं. समोर बसलेल्या त्या थकल्या, भस्म लावलेल्या कपाळाकडे बघून ते वाचायला मैथिलीची जीभ रेटेना. म्हणून ती गाळत गेली. आधी एखादी ओळ, मग परिच्छेद, आज सबंध चार पानं. एवढ्या थकल्या जिवाला कशाला टोचायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

बाहेर स्कूटर थांबली.

"बाई! हायसा का कोण?"

तो आवाज ओळखीचा होता. रत्नव्वांचा मुलगा अमरेश पट्टणशेट्टी, गुळाचा व्यापारी. रत्नव्वांनी तोंडावर पदर धरला. मैथिलीने त्यांना हातानेच बसा अशी खूण केली आणि खोलीचं दार ओढून घेऊन ती बाहेर आली.

अमरेश अर्ध्या उघड्या दारातून आत शिरत होता. वाचनालयात चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या असतात. त्याने आपल्या काढल्या त्या नेमक्या एका झिजलेल्या, अंगठ्याला दोरा बांधलेल्या जोडाशेजारी. रत्नव्वांच्या चपला रोज मागच्या बोळात असायच्या. आज बोळात चिखल होता म्हणून मैथिलीनेच त्या पुढे आणून ठेवल्या होत्या. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीसं तिला वाटलं.

अमरेशने खाली पाहिलं.

"बंदच्या वेळंला ह्या कुणाच्या?"

"अंबूबाईंच्या. झाडायला येतात त्या."

"हं," तो म्हणाला आणि पायाने त्या बाजूला सारून आत आला. आपल्या आईच्या चपला त्याला ओळखता आल्या नाहीत. मैथिलीला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. वाचनालयाचे अध्यक्ष तात्या यांचं अक्षर होतं. 'तक्रार आलेलं पुस्तक रविवारच्या सभेपूर्वी मला वाचायचं आहे. अर्जदारासोबत पाठवावे.'

"मी पोचवतो त्यास्नी," अमरेश म्हणाला. "तेवढंच काम हलकं तुमचं."

"तुमच्याबरोबर कसं देऊ? तक्रार तुमचीच आहे."

"चिठ्ठीत काय लिवलंय? आणि ऐका, बाई. दुकानातल्या हुत्या तेवढ्या परती मी उचलल्यात. छापणाऱ्याकडं बी न्हाईत. ही एक ऱ्हायलीय. माझ्या घराची अब्रू तुमच्या काचंत मांडून ठिवलीय तुम्ही. वर माझ्या बाबांच्या नावाची पाटी, आणि खाली हे."

वाचनकक्षाच्या दारावर खरोखरच 'कै. शिवय्या पट्टणशेट्टी वाचनकक्ष' अशी पाटी होती. वाचनालयाच्या समितीपुढे आपलं बोलणं किती चालतं हे मैथिलीला पुरतं ठाऊक होतं. तिची नोकरी त्या समितीच्याच हातात होती.

ती बांधणीच्या खोलीत गेली. रत्नव्वांनी सगळं ऐकलं होतं. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि वाचन थांबलं होतं त्या पानात त्यांचा अंगठा होता. मैथिलीने हात पुढे केला तेव्हा त्यांनी अंगठा काढला नाही.

"अजून किती ऱ्हायलंय?" त्या कुजबुजल्या.

"निम्मं राहिलंय जवळजवळ."

"परत येतंय का हे?"

मैथिलीने पुस्तक हलकेच ओढून घेतलं.

बाहेर येऊन तिने ते अमरेशच्या हाती दिलं नाही. "मी येते तुमच्याबरोबर. तुमच्या स्कूटरमागोमाग रिक्षाने येते," ती म्हणाली. आपण असं म्हणू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. अमरेशने कपाळाला आठी घातली, पण तात्यांच्या दारात तमाशा नको म्हणून तो गप्प बसला. पुस्तक तात्यांच्या हातात पडलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं आणि मगच ती परतली. बांधणीची खोली तोवर रिकामी झाली होती.

रविवारपर्यंतचे तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. देवघेवीच्या टेबलावर ती दोनदा चुकीची तारीख मारून बसली. समितीने पुस्तक बाद ठरवलं, तर ते दाखल नोंदवहीतून खोडलं जाणार आणि अमरेशच्या ताब्यात जाणार, मग संपलं. रत्नव्वा त्या तीन दिवसांत आल्या नाहीत. त्या येत नाहीत म्हणून तिला घोर, आणि येऊन कुणाला दिसल्या तर त्याचाही घोर.

सभा वाचनकक्षातच भरली. तात्या, शिरोलीत फाउंड्री असलेले समितीचे सभासद बाळासो, आणि अर्जदार म्हणून अमरेश. मैथिली टिपण घ्यायला कोपऱ्यात बसली. तात्या निवृत्त मुख्याध्यापक; वाचनालयाचे नियम त्यांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिले होते आणि ते त्यांना सख्ख्या नातवंडांपेक्षा प्रिय होते.

"नियम असा," तात्या म्हणाले, "की तक्रारीचं पुस्तक समितीने अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय निर्णय नाही. मी वाचलं. बाळासो, कालपासून ते तुमच्याकडे होतं. तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की. ह्या अमरेशरावांनी झेरॉक्स दिलती, चार पानांची."

"चार पानं म्हणजे पुस्तक नव्हे."

"अहो, सगळं कशाला वाचाय पायजे? भात शिजला का न्हाय ते एका शितावरनं कळतंय की," बाळासो म्हणाले. "माझं ऐका. पुस्तक बाद करू नका, फुकट पेपरात येतंय. ती चार पानं तेवढी ब्लेडनं कापा, बाकीचं ऱ्हाऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अमरेशने मान डोलावली. "चालंल मला."

तात्या विचारात पडले. त्यांच्या नियमात कापाकापीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. आता आपणच बोललं पाहिजे हे मैथिलीला कळलं.

"मी बोलू का?" ती म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. पंधरा वर्षांत सभेत ती कधी बोलली नव्हती.

"बाईने जे भोगलं ते सगळं लिहिलंय. त्यातलं काय वाचायचं आणि काय नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मधल्यांनी नाही. आज चार पानं आपण काढली, तर पुढच्याला कळणारसुद्धा नाही की इथं काही होतं. त्याला वाटेल, एवढंच होतं. पुस्तक बाद केलं तर ते बाद केलं असं निदान वहीत तरी राहतं. पण पानं काढणं म्हणजे..."

ती थांबली. पुढचा शब्द तोंडात आला होता, फसवणूक. तो तिला उच्चारता येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"बरोबर बोलताहेत बाई," तात्या म्हणाले. बोलता बोलता अडखळली ती भावनेने, असंच त्यांना वाटलं असावं. "कापाकापी नाही. पुस्तक राहील. काचेत मांडू नये. ग्रंथपालांच्या कपाटात ठेवावं आणि मागणाऱ्याला द्यावं."

अमरेश खुर्ची सरकवून उठला.

"मग बाबांची पाटी उतरवा."

"आज रविवार," तात्या शांतपणे म्हणाले. "सुतार मिळायचा नाही. उद्या लेखी द्या."

अमरेशने ते लेखी कधीच दिलं नाही.

मंगळवारी दुपारी रत्नव्वा आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. मैथिलीने कपाट उघडलं आणि पुस्तक काढलं, एवढं त्यांना पुरलं. पुढचे सहा दिवस वाचन चाललं. उरलेल्या पानांत आईचं नाव फारसं नव्हतं. नोकरी, भाड्याची खोली, शाळेतल्या मुली. मैथिलीला आता गाळावं लागत नव्हतं, पण मागे गाळलेलं रोज आठवायचं. सांगावं तर म्हातारी कोसळेल, आणि न सांगावं तर सभेतलं आपलंच बोलणं आपल्याला खायला उठतं. ती पुढे वाचत राहिली.

शेवटचं पान संपलं. मैथिलीने पुस्तक मिटलं.

रत्नव्वा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीशी चाळा करत होत्या.

"झालं सगळं?"

"झालं, अव्वा."

"हीर आली. म्हस आली. अमऱ्यानं कागद फाडलेला आला, बरं झालं लिवलं. हिच्या बाबांचा राग आला. शेजारची बनाबाईसुदिक आली." त्यांनी बोटं दुमडून मोजलं आणि हात मांडीवर ठेवला. "मी कुठं हाय गं त्यात?"

मैथिलीने मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवले.

"घरात कोण नव्हतं म्हणून लिवलं तिनं. मी हुते की. हिचे बाबा आत गादीवर बसलेते, म्हणाले, दार उघडायचं न्हाय. मी न्हाय उघडलं. कडीला हात लावून हुबी हुते, पर उघडलं न्हाय." त्यांचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, त्याबद्दल चार शिव्या तरी दिल्या असतील. त्याच ऐकाय येत हुते मी. एवढी मेले व्हय मी तिला, की शिवी द्याय बी आठवले न्हाय?"

जे टोचू नये म्हणून तिने काढून टाकलं होतं, तेच घ्यायला ही बाई उन्हातान्हातून रोज येत होती.

"अव्वा," ती म्हणाली, "तुम्ही आहात. मी वाचलं नाही."

रत्नव्वांनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या की नाही ते कळेना. मैथिलीने पुस्तक उघडलं, पानं मागे मागे नेली आणि एकसष्टाव्यापासून सुरुवात केली. पहिल्याच ओळींत आईबद्दल लिहिलेले शब्द जहरी होते. तिने ते तसेच वाचले, एकही न गाळता. रत्नव्वा मान हलवत होत्या, जसा काही हिशेब बरोबर लागतोय. मैथिलीने पान उलटलं.

"'दार लोटलेलं होतं, आतून कडी होती. मी हाक मारली. फळ्यांच्या फटीतून हिरव्या लुगड्याची एक रेघ दिसत होती. मी पायरीवर बसले. बारा वाजले, दोन वाजले. ती रेघ तिथंच होती. मी उठले तेव्हाही ती जागची हलली नव्हती.'"

रत्नव्वांनी हात वर केला तशी मैथिली थांबली.

"दिसले व्हय मी तिला," त्या म्हणाल्या.

पदराने त्यांनी तोंड पुसलं, नीट सावरून बसल्या.

"तेवढंच परत वाच."