सौनाच्या जिन्यातले दिवे

मी सासऱ्यांना एकच अट घातली होती. तळघराच्या जिन्यात नीट उजेड झाल्याशिवाय लेम्पी त्यांच्याबरोबर सौनात जाणार नाही.

लेम्पी, माझी मुलगी, अडीच वर्षांची. हँकॉकमधल्या या फिनिश घरात दर शनिवारी संध्याकाळी तळघरातला सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापतो, आणि मूल चालायला लागलं की उक्कीबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, खाली जातं. माझा नवरा वेस तसाच गेला, त्याच्या बहिणी तशाच गेल्या. मी लान्सिंगची, बाहेरची. तापलेल्या दगडांवर पाणी ओतून घामाघूम होण्यात काय सुख असतं, ते मला लग्नाला सहा वर्षं होऊनही पुरतं कळलेलं नाही. पण माझी धास्ती वाफेची नव्हतीच, जिन्याची होती. अकरा पायऱ्या, मधे वळण, आणि वर येताना एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात ओलं, निसटतं मूल.

"दिवा आहे की तिथे," सासरे, रेनो, म्हणाले होते.

होता. खाली छताला एक बल्ब, साखळी ओढून लावायचा. ती धातूची साखळी ओल्या हाताने ओढताना मी त्यांना पाहिलं आणि त्याच आठवड्यात वेसकडून बल्बची तारच काढून घेतली.

"पन्नास वर्षं ओढतोय. मेलो का?"

"पा, मरायला एकदाच पुरतं."

"ऐकलंस का रे वेस? सून माझ्या मरणाचे दिवस मोजतेय!"

मी पर्याय शोधून ठेवला होता. बारा व्होल्टचे दिवे, ओल्या बोटांनी शिवलं तरी झटका न देणारे. कोणी जिन्यात हललं की आपोआप लागायचे, अर्ध्या मिनिटाने विझायचे. वेस रस्त्यांवरचा बर्फ ढकलायच्या गाडीवर असतो, डिसेंबरात तो घरी सापडत नाही. म्हणून गुरुवारी लेम्पी दुपारी झोपल्यावर मी आणि रेनोंनीच काम काढलं. मी पायऱ्यांच्या कडा स्पिरिटने पुसल्या, ते प्रत्येक कडेखाली दिव्यांची पट्टी दाबून चिकटवत गेले. वळणावर पट्टी कापून जोडावी लागली, आणि मी जोड उलटा बसवला. वरच्या सात पायऱ्या उजळल्या, खालच्या चार काळ्या.

"कॉलेजात एवढंच शिकवतात का गं? सातापर्यंत?"

मी जोड फिरवला. अकराही लागल्या. आता हालचाल टिपणारे दोन डोळे बसवायचे होते, एक वरच्या दाराशी, एक खाली. दोन्हींपैकी कुठल्याही एकाने पाहिलं की सगळा जिना उजळणार. मी सूचनांचा कागद मोठ्याने वाचला, "उष्णता देणाऱ्या उपकरणांपासून किमान सहा फूट दूर."

रेनोंनी मोजायची फीत काढली. घर तापवायच्या भट्टीपासून मोजलं. "चौदा." पाण्याच्या टाकीपासून. "नऊ. झालं समाधान? मग इथे लाव, या चौकटीवर. लाकूड चांगलं आहे, स्क्रू धरेल."

मी खालचा डोळा तिथे लावला, दुसरा वरच्या दाराशी. नंतर मी किती वेळा वर-खाली केलं, मोजलं नाही. सावकाश, भरभर, लेम्पीची बाहुली कडेवर घेऊन. दिवे एकदाही चुकले नाहीत. रेनो वरून बघत होते. "आता तरी झोपशील का रात्री?" म्हणाले. झोपले नाही, पण अट पुरी झाली होती.

शनिवारी सव्वापाचला, बाहेर अंधारून आलेलं असताना, लेम्पी उक्कीचं बोट धरून खाली गेली. पायरी न् पायरी उजळली. ती प्रत्येक पायरीला "हा!" म्हणत होती. मी वरच्या दारात उभी राहिले. वळणामुळे तिथून खालच्या चार पायऱ्या दिसत नाहीत आणि स्वयंपाकघराचा उजेडही वळणापलीकडे पोचत नाही. मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं ठरली होती, सगळ्यात खालच्या बाकावर.

दोन मिनिटं होतात न होतात तोच वळणाच्या भिंतीवर उजेड पडला.

"आलात?" मी हाक मारली.

 आतून फक्त दगडांवर पाण्याची चर्रर्र, लेम्पीचं खिदळणं. दिवे विझले. थोड्या वेळाने पुन्हा लागले. जिन्यात कोणीच नव्हतं.  ती एकटीच बाहेर आली असेल का? मी कान लावला तर ती आतच गात होती. दिवे विझले आणि तिसऱ्यांदा लागले. चर्रर्र झाल्यावर लागतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाराच्या फटीतून वाफ बाहेर पडत होती.

आणि मग मला ती चौकट दिसली, डोळ्यांसमोर, जशी आम्ही गुरुवारी पाहिली होती. सौनाच्या दाराची चौकट. आम्ही भट्टी मोजली, टाकी मोजली. घरातली सगळ्यात तापणारी जागा कोणी मोजलीच नाही. या घरात भट्टी म्हणजे तापवायची वस्तू, आणि सौना म्हणजे सौना. सहा वर्षांत ती सवय मलाही लागली होती.

सौनाचं दार उघडल्याचा आवाज आला. लगेच लोटल्याचाही, वेस येईपर्यंत ऊब टिकावी म्हणून ते नेहमी लोटतात. मी उजेडाची वाट पाहिली.

अंधार.

तो डोळा अंगाची ऊब हलताना पाहतो. तिथली हवाच आता अंगाइतकी तापली होती. पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू. आणि जुना बल्ब मी स्वतः काढायला लावला होता.

ओरडावं तर ते दचकतील, तिच्यासकट. मी वरच्या दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले. श्वाससुद्धा धरून. वरचा डोळा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्याला मीही दिसत नव्हते, कारण मी हलतच नव्हते.

"कोरीन," खालून रेनोंचा आवाज आला, अगदी साधा. "तुझे दिवे जेवायला गेले वाटतं."

"वर येऊ नका! पा, एक पाऊलही टाकू नका!"

"टाकतोय कशाला?"

मी पाऊल टाकलं. अकरा पायऱ्या एकदम उजळल्या. वळणावरून पाहिलं तर ते सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले, लेम्पी टॉवेलमधे गुंडाळून मांडीवर. ती लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. मला पाहून म्हणाली, "आई, विझलं."

"अंधारात पोर घेऊन चढेन एवढा खुळा नाही मी," रेनो म्हणाले. "तू येशीलच, ठाऊक होतं. दारातच असतेस."

मी तिला घेतलं. ती गरम पावासारखी होती. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना, म्हणून मी तिचे कान पुसत राहिले. मग वर निघाले. तिसऱ्या पायरीवर मागे वळून पाहिलं, सवयीने.

रेनोंनी कठड्याकडे हात नेला. हात कठड्याच्या बोटभर अलीकडे, हवेत मिटला. पुन्हा उघडला, भिंत चाचपत कठड्यापर्यंत गेला. मग पाऊल. तेही आधी पायरीच्या कडेला घासलं, नंतर वर आलं. दिवे सगळे लागलेले होते.

त्यांनी मान वर केली आणि मी पाहत असल्याचं ओळखलं. 

"कधीपासून, पा?"

"वाफेनं अंधुक दिसतं जरा. सौनानंतर."

"शनिवारीच?"

ते आणखी एक पायरी चढले. कठडा त्यांनी आता दोन्ही हातांनी धरला होता. मी लेम्पीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्यांच्यासाठी भिंतीला खेटून जागा केली, पण ते पुढे गेले नाहीत, तिथेच थांबले.

"तिला सौनात नेणं बंद करू नकोस, पोरी," ते हळू म्हणाले. "आत मी चांगला असतो. बसूनच असतो."

दिवे विझायला आले असावेत. मी पाय हलवत राहिले.

"पुढच्या शनिवारी मी दारापर्यंत येईन," मी म्हटलं. "सौनाच्या. तुम्ही तिला माझ्या हातात द्यायचं. चढताना ती माझ्याकडे, आणि तुम्ही माझ्या पुढे."

"पुढे?"

"म्हणजे मला दिसाल."

ते कठड्याकडे बघत राहिले. "वेसला?"

"डॉक्टरांकडे सोमवारी मी नेईन. मग वेसला तुम्हीच सांगा."

या माणसाने सहा वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला सरळ होकार दिलेला मला आठवत नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्या बाजूने, भिंत चाचपत, पुढे झाले.