चार दिवस कुर्डुवाडीला

काशम्मानं दोन सदरे आणि शेंगाचटणीची पुरचुंडी पिशवीत कोंबली आणि पिशवी पोराच्या, सिद्धारामच्या हातात दिली.

"मामाकडं कुर्डुवाडीला चार दिस ऱ्हा जा."

"काम सोडून? काय झालंय तितं?"

"काय न्हाय झालं. जा म्हनलं की जायचं."

तो धुसफुसत गेला. काशम्मा कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.

शेजारच्या सोनाबाईचा मानसिंग सीमेवर होता. दोन वर्षांमागं दोन्ही पोरं एकदमच भरतीला गेली होती. मानसिंगला घेतलं, छाती कमी भरली म्हणून सिद्धाराम परत आला. त्या दिवशी काशम्मानं गुपचूप सिद्धेश्वराला नारळ फोडला होता. आता लढाईला तोंड फुटल्यापासून सोनाबाईसमोर तिची मान वर होईना.

गल्लीतल्या खिडक्यांना काळे कागद लागले होते. सोनाबाई रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओवरच्या बातम्या ऐकून परत येई आणि नेमका तेव्हाच सिद्धाराम कामावरून शीळ घालत गल्लीत शिरे. सोनाबाई थांबून त्याच्याकडं बघत राही. ती नजर काशम्माला सोसवत नव्हती. आपलं धडधाकट पोर तिच्या डोळ्यांपुढं नाचवायचं कशाला?

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी सोनाबाई येऊन उंबऱ्यावर टेकली.

"सिद्धू कुटं दिसंना ग?"

"मामाकडं गेलाय."

"मला न सांगता?"

काशम्मा खाली मान घालून ज्वारी निवडू लागली. खडा सोडून दाणेच बाहेर पडत होते.

"तुला तरास नको म्हनून मीच धाडला," ती शेवटी बोलली.

"मला कसला तरास?"

सोनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सकाळी त्याची सायकल भिंतीला धडकली की वाटायचं, पोरं हाईत घरात. आता लई गप गप झालंय बघ."

चुलीवर चहा उकळत होता. तो न घेताच ती उठून गेली.

एकटीनं कधी गाव न ओलांडलेली काशम्मा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेली.

सांजेला मायलेक गल्लीत शिरले. सिद्धाराम आपल्या दारी थांबलाच नाही, सरळ शेजारी गेला.

"आलास व्हय रं भाड्या? मावशीला सांगून जायला जिभेला काय झालतं?"

सोनाबाईचा आवाज गल्लीभर गेला. लढाई लागल्यापासून तो एवढा चढला नव्हता. काशम्मा कुलूप हातात धरून तशीच उभी राहिली.

"काशे, त्याची भाकरी हितंच टाकतेय," आतून हाक आली. "तू कशाला भाईर उभी?"